तापूनही तेजाळणारी बहुवारिके

युरोची नोट अतिनील दिव्याखाली धरली की तिच्या कागदातील काही तंतू लाल रंगात उजळून निघतात. या नोटा २००२ च्या आरंभी चलनात आल्या आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्णपट तपासून या लाल उजेडामागे युरोपियम असल्याचा निष्कर्ष काढला. युरोपियम हे आवर्तसारणीतील ५७ ते ७१ या अणुक्रमांकांच्या लँथॅनाइड गटातील मूलद्रव्य होय. त्याच गटातील टर्बियम हिरवा प्रकाश देते.

या प्रकाशाचे वैशिष्ट्य म्हणजे रंगाची शुद्धता. लँथॅनाइड आयनांतील दीप्तीला कारणीभूत असणारे इलेक्ट्रॉन आतील ४एफ कक्षेत असतात आणि बाहेरील कक्षांचे कवच त्यांना झाकून ठेवते. त्यामुळे आयन कोणत्याही संयुगात असला, तरी युरोपियमचा मुख्य प्रकाश ६१५ नॅनोमीटरच्या आसपास आणि टर्बियमचा ५४५ नॅनोमीटरच्या आसपासच राहतो. मात्र हेच कवच अडचणीचेही ठरते, कारण असे आयन स्वतः प्रकाश अत्यंत कमी शोषतात. यावरील उपाय अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ एस. आय. वाइसमन यांच्या १९४२ च्या प्रयोगांतून पुढे आला. युरोपियमला जोडलेला सेंद्रिय रेणू अतिनील किरण शोषतो आणि ती ऊर्जा धातूकडे सोपवतो, असे त्यांना आढळले. या रेणूला पुढे ‘अँटेना’ म्हटले जाऊ लागले.

असा सेंद्रिय रेणू दोन किंवा अधिक टोकांनी धातूंना बांधणारा असेल, तर एक आयन दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी जोडला जाऊन साखळी, पत्रा किंवा त्रिमितीय जाळे तयार होते. यालाच रसायनशास्त्रात ‘कोऑर्डिनेशन पॉलिमर’ म्हणजे समन्वय बहुवारिक म्हणतात. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांसाठी लागणारे टेरेफ्थॅलिक आम्ल येथेही उत्तम दुवा ठरते. टर्बियम आणि याच आम्लाचे सच्छिद्र स्फटिक ओमार याघी यांच्या गटाने १९९९ मध्ये सादर केले. धातू-सेंद्रिय जाळ्यांवरील कार्यासाठी याघी यांना सुसुमु कितागावा व रिचर्ड रॉबसन यांच्यासह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पदार्थांना ‘उष्णतास्थिर’ म्हणताना मात्र दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली गोष्ट सांगाड्याची. लँथॅनाइड आयन ऑक्सिजनला घट्ट धरतात, म्हणून कार्बोक्सिलेट गटांनी बांधलेली अनेक जाळी सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात. त्याआधी, बहुधा १०० ते २०० अंशांच्या दरम्यान, धातूला चिकटलेले पाणी निघून जाते. सांगाडा कोसळला नाही तर हे पाणी जाणे हिताचेच असते. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची कंपने धातूची ऊर्जा गिळतात आणि प्रकाश मंदावतो. हा परिणाम इतका नेमका असतो, की साध्या व जड पाण्यातील दीप्तीचा काळ ताडून धातूभोवती पाण्याचे किती रेणू आहेत, हे मोजण्याची पद्धत हॉरॉक्स व सडनिक यांनी १९७९ मध्ये मांडली.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. अँटेनाची ऊर्जापातळी धातूच्या पातळीपेक्षा पुरेशी उंच नसेल, तर तापमान वाढताच धातूकडे आलेली ऊर्जा परत सेंद्रिय रेणूकडे जाते आणि वाया जाते. टर्बियमची पातळी युरोपियमपेक्षा उंच असल्याने त्याला हा धोका अधिक. म्हणूनच नमुना तापवत त्याचे वजन नोंदणाऱ्या चाचणीत ४०० अंशांपर्यंत शाबूत राहिलेले बहुवारिक त्याच्या कितीतरी आधी निस्तेज होऊ शकते. एलईडी दिव्यातील चिप चालू असताना १०० अंशांच्या वर तापू शकते. तेव्हा दिव्यासाठी पदार्थ निवडताना तो कधी जळतो, याहून त्याचा उजेड कोणत्या तापमानाला मोजला, हा प्रश्न महत्त्वाचा.

हीच उणीव उपयोगीही पडते. चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये टर्बियमच्या जाळ्यात एक टक्क्याहूनही कमी युरोपियम मिसळून तापमापक तयार केला. तापमान वाढते तसे टर्बियम आपली ऊर्जा युरोपियमला देते. हिरव्या व लाल प्रकाशाच्या गुणोत्तरावरून ५० ते २०० केल्विनमधील तापमान कळते. गुणोत्तरच मोजायचे असल्याने दिव्याच्या तेजातील चढउतारांचा त्रास होत नाही.

अडसर आहे तो कच्च्या मालाचा. मुंबईत मुख्यालय असलेली आणि १९५० मध्ये स्थापन झालेली ‘आयआरईएल’ ही सरकारी कंपनी सागरकिनाऱ्यावरील वाळूतल्या मोनाझाइटपासून विरल मृदा मूलद्रव्ये मिळवते. परंतु या खनिजात सिरियम, लँथॅनम, निओडिमियम यांचा भरणा असून युरोपियम व टर्बियम नाममात्रच असतात. त्यातच चीनने एप्रिल २०२५ मध्ये टर्बियमसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. अशा वेळी या महागड्या धातूच्या प्रत्येक अणूकडून अधिक प्रकाश मिळवणे गरजेचे ठरते आणि ते त्याच्या सेंद्रिय जोडीदाराच्या निवडीवर अवलंबून आहे.