आइल ऑफ मॅन : पाहुण्यांचा बदलता वर्ग आणि बेटाचे जीवन

विश्रामस्थळांचा इतिहास लिहिताना वर्षाकाठी किती प्रवासी उतरले हा आकडा हाताशी सहज लागतो. म्हणून त्याच्या चढउतारालाच बहुधा इतिहास मानले जाते. परंतु प्रवासी कोणत्या वर्गातले होते, त्यांच्या खिशात पैसा कोठून येत होता आणि तो बेटावर कोणाच्या हाती पडत होता, हे प्रश्न अधिक मूलभूत आहेत. आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन हे सुमारे ५७२ चौरस किलोमीटरचे बेट या दृष्टीने अभ्यासनीय ठरते. ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन, पण युनायटेड किंगडमचा भाग नसलेले, टिनवॉल्ड हे स्वतःचे प्राचीन विधिमंडळ असलेले हे बेट पाहुण्यांच्या प्रत्येक नव्या पिढीबरोबर आपली रस्ते-धक्क्यांची रचनाच नव्हे, तर आपले राजकारणही बदलत गेले.

पहिले पाहुणे हवापालटासाठी आलेच नव्हते. १७३७ च्या कायद्याने बेटाबाहेर झालेल्या कर्जाची वसुली बेटावरील न्यायालयांतून करता येत नसे, आणि ही सवलत १८१४ पर्यंत टिकली. तेव्हा इंग्लंड-आयर्लंडातील कर्जबाजारी सद्गृहस्थांना हे बेट म्हणजे सावकारापासून सुटकेचे ठिकाण वाटावे यात नवल नाही. १७६५ मध्ये ब्रिटिश सरकारने अ‍ॅथॉलच्या ड्यूककडून बेटाचे राजहक्क विकत घेतले, ते मुख्यतः तेथील चोरटा व्यापार मोडण्यासाठी; पण कर्जदारांचा आसरा त्यानंतरही पन्नास वर्षे राहिला. नेपोलियनशी झालेली युद्धे संपल्यावर त्यांत अर्धवेतनी लष्करी अधिकाऱ्यांची भर पडली. हा वर्ग संख्येने लहान, वर्षभर राहणारा आणि खानदानी राहणीची हौस बाळगणारा होता. त्याला स्वस्ताई हवी होती; समुद्रकिनाऱ्याशी त्याचे फारसे देणेघेणे नव्हते.

१८३० या एकाच वर्षी लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग खुला झाला आणि आइल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनीचे पहिले जहाज पाण्यात उतरले. हा योगायोग असला तरी त्याचे फळ योगायोगाचे नव्हे. लँकेशायरच्या कापडगिरण्यांची गावे आता बेटापासून एका दिवसाच्या अंतरावर आली. प्रारंभीची काही दशके मध्यम वर्गच येत राहिला, कारण प्रवास सुलभ झाला तरी मजुराला सवड आणि शिल्लक या दोन्ही गोष्टी अजून मिळालेल्या नव्हत्या. पुढे वेतन वाढले, तसे गिरणगावांतील जुन्या ग्रामजत्रांचे रूपांतर सामुदायिक सुटीत झाले. ‘वेक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आठवड्यात गावातील सर्व गिरण्या एकदम बंद राहत आणि गावच्या गाव समुद्रकाठी जाई. प्रत्येक गावाचा आठवडा निराळा असल्याने जूनपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत प्रवाशांचा ओघ अखंड चाले. या सुटीचे वेतन मिळत नसे. त्यासाठी कामगार वर्षभर बचतमंडळांत आठवड्याला थोडी रक्कम टाकीत. मुंबईच्या गिरणगावातील भिशी ज्यांना परिचित आहे त्यांना या व्यवस्थेचे मर्म सांगावयास नको.

या नव्या वर्गासाठी बेट अक्षरशः नव्याने बांधले गेले, आणि त्यामागे राज्यघटनेतील एक बदल होता. १८६६ पर्यंत बेटाच्या जकातीचे उत्पन्न लंडनच्या खजिन्यात जाई. त्या वर्षी लेफ्टनंट गव्हर्नर हेन्री लॉक याने केलेल्या तडजोडीने शिलकी महसुलाच्या खर्चावर टिनवॉल्डला मर्यादित अधिकार मिळाला. त्याच्या मोबदल्यात हाऊस ऑफ कीज या सभागृहाने स्वतःच आपले सभासद निवडण्याची प्रथा सोडली व १८६७ मध्ये पहिली निवडणूक झाली. जकात मुख्यतः मद्य, तंबाखू व चहा यांवरील असल्यामुळे सुटीत आलेला मजूर जो पेला रिचवी त्यातून बंदरबांधणीला पैसा मिळे. डग्लसचा व्हिक्टोरिया धक्का १८७२ मध्ये खुला झाला. पाठोपाठ लॉकच्याच नावाचा समुद्रकाठचा प्रशस्त रस्ता, १८७३ ची पील गावापर्यंतची आगगाडी, १८७६ ची घोड्यांची ट्राम, आणि १८९३ पासून विजेची ट्राम. मँक्स स्वशासनाच्या गौरवकथांत गिरणी कामगाराच्या या पेल्याला क्वचितच जागा मिळते.

१९१३ च्या उन्हाळ्यात सहा लाखांहून अधिक प्रवासी बेटावर उतरले. स्थायी लोकसंख्या तेव्हा १९११ च्या जनगणनेनुसार ५२,०१६ होती. ब्रिटिश कापडाच्या निर्यातीचाही तोच उच्चांक होता, आणि त्या कापडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. डग्लसच्या नृत्यगृहांतील दिव्यांना लागणारे तेल काही अंशी या देशातील धोतरे-लुगड्यांच्या बाजारातून येत होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानची स्पर्धा, संरक्षक जकाती व स्वदेशीची चळवळ यांनी तो बाजार आटला, त्याबरोबर बेटही ओस पडले, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. १९३० नंतरच्या दशकातही गर्दी मोठी होती.

खरा धक्का युद्धाने दिला, आणि त्यात एकाच पाहुण्यावर अवलंबून राहण्याची किंमत कोणी मोजली ते दिसते. बोर्डिंग हाऊस चालविणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. घर भाड्याचे किंवा गहाण, कमाई दहा-बारा आठवड्यांची, आणि कर बारमाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये हंगाम ऐन भरात असताना बोटी रिकाम्या येऊ लागल्या. तरुणांसाठी तंबू उभारणाऱ्या कनिंगहॅम यांच्या सुटीच्या छावणीत शत्रुराष्ट्रांचे नागरिक स्थानबद्ध झाले. नॉकॅलो येथील छावणीत त्यांची संख्या वीस हजारांवर गेली. पत्रकार सॅम्युएल नॉरिस यांच्या पुढाकाराने कर न भरण्याची चळवळ झाली व १९१६ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. त्याच वर्षी टिनवॉल्डच्या वार्षिक समारंभात गव्हर्नर लॉर्ड रॅग्लन यांच्यावर मातीचे ढेकूळ भिरकावले गेले. १९१८ मध्ये पावाच्या अनुदानावरून सार्वत्रिक संप झाला आणि अखेर बेटावर प्राप्तिकर आला. पाहुण्यांच्या जकातीवर चालणाऱ्या राज्याला आपल्याच धनिकांकडे हात पसरण्याची पाळी आली, ती पाहुणे न आल्यामुळे.

येथे संशोधकाने एका आकड्याविषयी सावध असावे. १९२१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ६०,२८४ दिसते, तर १९३१ मध्ये ४९,३०८. यावरून दहा वर्षांत मोठे स्थलांतर झाले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; परंतु १९२१ ची गणना लांबणीवर पडून १९ जूनला झाली आणि त्यात सुटीवर आलेले लोकही मोजले गेले.

मँक्स भाषेच्या ऱ्हासाचे खापरही सरसकट प्रवाशांवर फोडले जाते. १९०१ मध्ये ही भाषा येणारे ४,४१९ लोक होते, १९२१ मध्ये ते हजाराच्याही खाली आले. पण शाळा, चर्च आणि तरुणांचे परदेशगमन यांनी ती प्रक्रिया आधीच सुरू केली होती. पाहुण्यांनी इंग्रजीला रोजच्या मिळकतीची भाषा बनविले, एवढे मात्र खरे.

दुसऱ्या महायुद्धात बोर्डिंग हाऊसेसच तारेच्या कुंपणात गेली. युद्धानंतर काही वर्षे गर्दी परतली, तरी १९६० नंतर विमानाने स्पेनचे ऊन स्वस्तात मिळू लागले आणि लँकेशायरच्या गिरण्याही मिटू लागल्या. १९७१ मध्ये उघडलेल्या समरलँड या करमणूक-भवनाला २ ऑगस्ट १९७३ रोजी आग लागून ५० माणसे दगावली. दरम्यान १९६१ च्या सुमारास अतिरिक्त प्राप्तिकर रद्द करून टिनवॉल्डने निराळ्याच पाहुण्यास आमंत्रण दिले होते : निवृत्त धनिक व नंतर वित्तसंस्था. कर चुकविणाऱ्यांचा हा नवा वर्ग आणि अठराव्या शतकातील कर्ज चुकविणारा वर्ग यांतील साम्य नजरेआड करण्याजोगे नाही, जरी आजचा व्यवहार कायद्याच्या चौकटीत बसतो. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८४,०६९ होती. समुद्रकाठची कित्येक जुनी निवासगृहे सदनिका व कचेऱ्या झाली. १९०७ पासूनच्या टीटी मोटारसायकल शर्यतींच्या पंधरवड्यात मात्र खोल्या अपुऱ्या पडतात, आणि रहिवासी आपल्या घरातील खाटा पाहुण्यांना भाड्याने देतात.