क्रमिक संदेशवहनाची परंपरा

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पात ‘फायरबर्ड-५’ या यंत्रमानवासाठी एटीमेगा २५६० हा सूक्ष्मनियंत्रक योजला गेला. असा नियंत्रक प्रथमच हाताळणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्या अंतरंगात काय घडते ते दिसत नाही; म्हणून तो आतील मूल्ये एकाच तारेवरून, एकामागून एक स्पंदांनी, संगणकाच्या पडद्यावर आणवितो. ही रीत सर्वस्वी आधुनिक होय, हा समज मात्र इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. प्रत्येक अक्षराचा आरंभ व शेवट दर्शविणारे स्पंद दूरमुद्रकाकडून आलेले आहेत. ‘बॉड’ हे वेगाचे परिमाण एमिल बोदो (१८४५-१९०३) या फ्रेंच तारयंत्रविशारदाचे नाव धारण करते. मुंबईतच, १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची उत्तरे दूरमुद्रकावर उमटत.

या परंपरेतील मूळ अटही कायम आहे. प्रेषकाची गती ९६०० आणि ग्राहकाची १,१५,२०० असल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. अशा वेळी कार्यक्रमच चुकला असे मानणे म्हणजे मोडी कागद बाळबोध समजून वाचणे व लेखकास दोष देणे होय. आधी संकेत जुळवावा, मग मजकुराचा निर्णय करावा.