धुळीआडची कृष्णविवरे

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा खगोलशास्त्रावर बोलणे हे आमचे धाडसच. पण आज सांगावयाचा इतिहास मुळात हिशेबाचा आहे, आणि बोनसच्या वाटाघाटींसाठी ताळेबंद चाळण्यात आमची ३० वर्षे गेली आहेत.

१८ जून १९६२ रोजी अमेरिकेत रिकार्दो जाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण टिपणारे यंत्र अग्निबाणातून वातावरणापलीकडे धाडले. चंद्रावरून क्ष-किरण येतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. चंद्र राहिला बाजूलाच. साऱ्या आकाशातूनच मंद क्ष-किरण येत असल्याचे आढळले. ते कोठून येतात? १९९९ मध्ये 'चंद्रा' दुर्बीण अंतराळात गेली (नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचे), आणि ते बहुतांशी दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यांतील कृष्णविवरांचे ठरले. कृष्णविवर स्वतः काळेच. त्यात कोसळणारा वायू तापून झळाळतो. परंतु अधिक भेदक क्ष-किरणांचा हिशेब जुळेना. आणखी कृष्णविवरे धूळ व वायूच्या दाट पडद्याआड असली पाहिजेत, असे अनुमान निघाले.

२००७ साली एमान्युएले दाद्दी व सहकाऱ्यांनी ९ ते ११ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या सुमारे १,००० मोठ्या दीर्घिका तपासल्या. तेथे तारे झपाट्याने घडत होते; त्यापलीकडे काही असेल अशी शंका नव्हती. तरुण ताऱ्यांच्या प्रकाशाने धूळ तापते व अवरक्त किरण सोडते. ते किती असावेत याचा अंदाज बांधता येतो. 'स्पिट्झर' दुर्बिणीतून पाहावे तो सुमारे २०० दीर्घिकांत ते जादा भरले! ताळेबंदात अशी जादा रक्कम दिसली की आम्ही विचारतो, ही आली कोठून?

संशय म्हणजे पुरावा नव्हे. एकेका दीर्घिकेचे क्ष-किरण फारच क्षीण. म्हणून 'चंद्रा'ने टिपलेली त्यांची चित्रे एकावर एक ठेवून बेरीज केली. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो, २०० सह्यांचा वाचावा लागतो, हे येथे बसलेल्या कामगारबंधूंस आम्ही काय सांगावे! बेरजेत भेदक क्ष-किरण स्पष्ट उमटले. मवाळ किरण पडद्यातच अडले होते. दाट पडद्याची खूण हीच.

तथापि बेरजेत एक गोम असते. ती सर्वांची मिळून गोष्ट सांगते; नेमक्या कोणत्या दीर्घिकेत काय दडले आहे, हे सांगत नाही. २०१२ मध्ये भेदक क्ष-किरणांसाठी 'नूस्टार' आणि २०२१ च्या नाताळात अवरक्त किरणांसाठी 'जेम्स वेब' अंतराळात गेली. अशा झाकलेल्या दीर्घिकांची एकेकटी हजेरी आता घेतली जात आहे.