पिंजऱ्यातला चेंडू, जाळीतली झडप

महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. ती दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते. उतारवयात या पाकळ्यांवर कॅल्शियमचे थर साचतात, त्या ताठरतात आणि रक्ताला बाहेर पडायची वाट करंगळीपेक्षाही अरुंद होते. जिना चढताना धाप लागणे, छाती भरून येणे, चालता चालता भोवळ येणे ही त्याची लक्षणे. घरात ती बहुधा वयाच्या खात्यावर टाकली जातात. अमेरिकेतले डॉक्टर जॉन रॉस आणि यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ साली दाखवून दिले की, एकदा लक्षणे दिसू लागली की रुग्णाच्या हाती सरासरी दोन ते पाच वर्षेच उरतात. अरुंद झालेली झडप औषधाने उघडत नाही. ती बदलावीच लागते.

बदलण्याचा पहिला प्रयत्न मात्र झडपेच्या जागी झालाच नाही. चार्ल्स हफनागेल यांनी १९५२ साली वॉशिंग्टनमध्ये प्लास्टिकच्या नळीत चेंडू बसवून ती झडप हृदयापासून दूर, खाली उतरणाऱ्या महाधमनीत घातली. हृदय थांबवून आत हात घालण्याची सोय तेव्हा नव्हती. चेंडूची टकटक शेजारी बसलेल्यालाही ऐकू येई. पुढच्याच वर्षी जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि वाट मोकळी झाली.

१९५८ मध्ये लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त अभियंते ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात तरुण शल्यविशारद आल्बर्ट स्टार यांना भेटायला आले. पंपांच्या कामात आयुष्य गेलेल्या या गृहस्थांना कृत्रिम हृदय करायचे होते. स्टार यांनी त्यांना आधी एक झडप करून पाहण्यास सुचवले. पिंजऱ्यात सिलिकॉनचा चेंडू असलेली ती झडप ऑगस्ट १९६० मध्ये पहिल्यांदा बसवली, तेव्हा रुग्ण काही तासांतच दगावला. पुढच्या महिन्यातला दुसरा रुग्ण ५२ वर्षांचा होता. तो दहा वर्षे जगला आणि अखेर घर रंगवताना शिडीवरून पडून गेला.

या झडपा वृद्धांसाठी नव्हत्याच. तेव्हाचे बहुतेक रुग्ण संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेले तरुण किंवा मध्यमवयीन होते. भारतात तर ही परिस्थिती आणखी कितीतरी वर्षे टिकली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या पथकाने घडवलेली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवलेली स्वस्त देशी झडपही मुख्यतः याच रुग्णांसाठी होती. धातूची झडप दीर्घकाळ टिकते. पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि तिची मात्रा जमते की नाही, हे रक्त तपासून पाहत राहावे लागते. पंचाहत्तरीच्या माणसाला हीच गोळी महागात पडते: न्हाणीघरात पाय घसरला, डोक्याला मार लागला, तर आतला रक्तस्राव आवरत नाही.

याला उत्तर निघाले डुकराच्या हृदयातून. पॅरिसमध्ये १९६५ साली डुकराची झडप माणसाला बसवली गेली, पण शरीर अशा झडपांना परके समजून लवकरच खराब करी. आलाँ कार्पाँतिए यांनी ग्लूटराल्डिहाइड या रसायनाने ऊतक पक्के करण्याची रीत १९६८च्या सुमारास रूढ केली. ही कातडे कमावण्याचीच जात. पुढे गाईगुरांच्या हृदयावरणापासूनही झडपा शिवल्या जाऊ लागल्या. या झडपांसाठी ती गोळी जन्मभर घेण्याची गरज बहुधा पडत नाही. त्यांचा दोष एकच: दहा-पंधरा वर्षांत त्या झिजतात. तिशीच्या माणसाला हा दोष मोठा. ऐंशीच्या माणसाला तो क्वचितच भोवतो.

तरी छाती उघडावी लागेच. उरोस्थी चिरायची, हृदय थांबवायचे, मग काही आठवडे सावरत राहायचे, हे मधुमेह, निकामी होत आलेले मूत्रपिंड आणि थकलेली फुप्फुसे घेऊन जगणाऱ्या वृद्धाला झेपेल का, या शंकेपायी अनेकांना घरी पाठवले जाई. युरोपातल्या एका पाहणीत, ७५ वर्षांवरच्या आणि लक्षणे असलेल्या अशा रुग्णांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर शस्त्रक्रिया झालीच नव्हती.

फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलाँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये छाती न उघडता, फुगा फुगवून अरुंद झडप ताणून पाहिली. रुग्णाला तात्काळ बरे वाटे. पण झडप बहुधा वर्षभरात पुन्हा आक्रसे. डेन्मार्कचे हेनिंग रूड आंदर्सन यांनी दुसरी वाट धरली. तारा हाताने वळवून त्यांनी जाळी केली, तीत डुकराची झडप शिवली आणि १९८९ मध्ये ती फुग्यावर दाबून जिवंत डुकराच्या हृदयात बसवली. त्यांच्या निबंधाला नामांकित नियतकालिकांनी नकार दिला. तो १९९२ मध्ये छापून आला.

क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी पहिल्यांदा माणसाला अशी झडप बसवली. रुग्ण ५७ वर्षांचा, मरणाच्या दारात, शस्त्रक्रियेसाठी सर्वांनी नाकारलेला. पायांच्या धमन्या बुजलेल्या असल्याने झडप शिरेतून, हृदयाचा पडदा ओलांडून न्यावी लागली. झडप चालली, रुग्ण काही महिन्यांनी इतर कारणांनी गेला. आता नेहमीची वाट जांघेतल्या धमनीची आहे. चुणी घालून बारीक केलेली झडप कॅथेटर या बारीक नळीवरून वर सरकवतात. मग पेसिंगच्या तारेने हृदय मिनिटाला १८० किंवा अधिक ठोक्यांनी पळवतात, म्हणजे रक्ताचा जोर क्षणभर ओसरतो आणि फुगा जागचा हलत नाही. फुगा फुगतो, जुनी झडप भिंतीला चेपली जाते आणि नवी तिथेच काम सुरू करते. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत आता याला सरळ ‘टावी’ म्हणतात.

निर्णायक पुरावा २०१० साली आला. शस्त्रक्रियेला अयोग्य ठरवलेल्या, सरासरी ८३ वर्षांच्या रुग्णांत वर्षभरात मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ५०.७ टक्के, तर टावीत ३०.७ टक्के होते. पक्षाघाताचे प्रमाण मात्र टावीत जास्त निघाले. पेसमेकर बसवावा लागणे आणि झडपेच्या कडेने रक्त गळणे या तक्रारीही मागे लागल्या. अमेरिकेत २०११ मध्ये शस्त्रक्रिया अशक्य असलेल्यांसाठी मिळालेली परवानगी पायरीपायरीने २०१९ पर्यंत कमी जोखमीच्या रुग्णांपर्यंत आली. गुजरातमधल्या वापीत तयार होणाऱ्या झडपेला भारतात २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

वयाची रेघही खाली सरकली. अमेरिकेच्या २०२०च्या मार्गदर्शनात ८० वर्षांपुढे टावी, ६५च्या आत शस्त्रक्रिया, मधल्यांनी डॉक्टरांसह विचार करून ठरवायचे. युरोपने २०२१ मध्ये ७५ची ठेवलेली रेघ २०२५ मध्ये ७० वर आणली. आता सत्तरीचा रुग्ण आणखी पंधरा वर्षे जगण्याची शक्यता धरावी लागते, म्हणजे झिजणाऱ्या झडपेचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला आहे. झिजलेल्या झडपेच्या पोटातच दुसरी जाळीची झडप उघडता येते; म्हणून पहिली झडप निवडतानाच तिच्यात पुढे दुसरी मावेल का, हे आता सीटी स्कॅनवर मोजून पाहतात.