चोर गाडीखाली, गिऱ्हाईक काट्यावर

जून महिना. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. आमच्या आळीतल्या व्हॅनवाल्या काकांनी सकाळी सहाला गाडी सुरू केली आणि अख्खी आळी दचकून उठली. ट्रॅक्टरसारखा आवाज. खाली वाकून बघतात तर सायलेन्सर कापून नेलेला. तिकडे पोरं दप्तरं पाठीला लावून दारात उभी. काकांचा धंदा बुडाला, दुरुस्तीचा खर्च अंगावर आला आणि पालकांची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

मी चार ओळींची बातमी दिली. 'भुरटी चोरी' अशा मथळ्याखाली ती आतल्या पानावर गेली. खरं सांगतो, मलाही ती भुरटीच वाटली होती.

पुढे एकदा कॅलिफोर्नियातल्या शाळूसोबत्याशी फोनवर बोलताना हा किस्सा सांगितला. तो म्हणाला, "अरे, माझ्याकडेही सेम झालंय!" त्याच्याकडे मोटारहोम आहे. म्हणजे छोट्या बसएवढी गाडी, आत झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम, सगळं. सुट्टीत बायकापोरांना घेऊन त्यातून हिंडायचं आणि एरवी भाड्याच्या यार्डात लावून ठेवायची. चार महिन्यांनी गाडी काढायला गेला, चावी फिरवली आणि तोच आवाज. चोरी कधी झाली हेच सांगता येईना. यार्डातल्या कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग तोवर पुसलं गेलं होतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पंढरी एकच आहे, फक्त वाटा वेगळ्या. चोराला सायलेन्सर नको असतो. त्याला हवा असतो एक डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. या डब्याचा इतिहास वाचायला बसलो आणि रात्र गेली. तोच आज सांगतो.

यूजीन हूड्री नावाचा फ्रेंच इंजिनिअर होता. पहिल्या महायुद्धात रणगाडा दलात लढलेला. १९३० मध्ये तो अमेरिकेत गेला आणि खनिज तेलापासून चांगलं पेट्रोल काढण्याच्या त्याच्या पद्धतीने नाव कमावलं. त्याच काळात लॉस एंजेलिस शहर धुरक्याने गुदमरत होतं. गाड्यांच्या धुरावर ऊन पडून हे धुरकं तयार होतं, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. ज्याने आयुष्यभर पेट्रोल बनवलं तोच हूड्री आता त्या धुरावर उपाय शोधू लागला. १९५६ मध्ये त्याला कन्व्हर्टरचं पेटंट मिळालं. पण तो गाड्यांना बसेना, कारण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि शिशाने आतला मसाला निकामी व्हायचा. १९६२ मध्ये हूड्री गेला. त्याचा डबा रस्त्यावर आलेला त्याने पाहिला नाही.

१९७० च्या शेवटी अमेरिकेने हवाशुद्धीचा कडक कायदा केला आणि १९७५ च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक नव्या गाड्यांना हा डबा लागला. त्याबरोबर बिनशिशाचं पेट्रोल आलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारना तो सक्तीचा झाला आणि २००० मध्ये शिशाचं पेट्रोल देशभरातून गेलं. तुमच्या-माझ्या पोरांच्या रक्तातलं शिसं कमी होण्यामागे या डब्याचाही हात आहे.

आत असतं काय? मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेली चिनी मातीची वीट. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या तीन धातूंचा पातळ लेप. विषारी वायू त्यातून जाताना त्यांचा बराचसा कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन होतो. धातू सगळे मिळून काही ग्रॅमच. पण ते कुठले, ते बघा. ऱ्होडियमचा सिंहाचा वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो आणि पॅलेडियम मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून.

युरोप, चीन आणि भारतात प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. आपलं बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये आलं. जगभर मागणी वाढली आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतला पुरवठा अडखळला. २०१६ मध्ये औंसाला हजार डॉलरच्याही खाली असलेलं ऱ्होडियम मार्च २०२१ मध्ये २९ हजार डॉलरच्या आसपास गेलं. औंस म्हणजे जेमतेम ३१ ग्रॅम. अमेरिकेत विमा कंपन्यांकडे २०१८ मध्ये अशा चोरीचे १,२९८ दावे आले होते. २०२२ मध्ये ते ६४ हजारांवर गेले.

मोटारहोम यात हमखास सापडतं. गाडी उंच, त्यामुळे जॅक लावावा लागत नाही, चोर सरळ खाली सरपटतो. इंजिन मोठं, त्यामुळे अनेकदा डबे एकाहून जास्त. आणि गाडी महिनोन् महिने एका जागी उभी. बॅटरीवरची करवत असली की काम दोन-चार मिनिटांचं.

लोकांनी उपाय केले. डब्याखाली जाड पत्रा ठोकला. पोलादी वायरचा पिंजरा करून तो चासीला बांधला. गाडी हलली की बोंबलणारा अलार्म बसवला. डब्यावर गाडीचा नंबर कोरून वर उष्णता सोसणारा भडक रंग मारला. माझ्या मित्राने पिंजरा आणि नंबर दोन्ही केलं, यार्ड बदललं आणि आता दर पंधरा दिवसांनी तो गाडीखाली बॅटरी मारून बघतो. त्याच्या मेकॅनिकने दोन गोष्टी बजावल्या. डबा चालू गाडीत भयंकर तापतो, म्हणून पत्रा हवा कोंडणारा नको. आणि डबा गेलेला असताना गाडी चालवायची नाही, कारण कापलेल्या नळीतला विषारी वायू बरोबर त्याच फरशीखाली सुटतो जिच्यावर पोरं झोपतात.

हे सगळं करावंच. पण पिंजरा दिसला की चोर शेजारच्या गाडीखाली जातो. चोरी थांबत नाही, फक्त जागा बदलते.

खरा धागा सापडला तो भंगाराच्या काट्यावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणांनी अनेक राज्यांत एकाच वेळी छापे घातले. २१ जण पकडले आणि ५४ कोटी डॉलरहून जास्त मालमत्तेवर टाच आणण्याची मागणी केली. गल्लीतला चोर, त्याच्याकडून घेणारा, डबा फोडून भुकटी काढणारा आणि ती भुकटी विकणारा अशी साखळीच होती. कुठल्या गाडीच्या डब्याला आज काय भाव, हे विकणाऱ्यांना मोबाइलवर कळत होतं. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नियम केला की सुटा डबा घ्यायचा तर परवानाधारकाकडून किंवा गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडूनच, तोही कागदपत्रांसह. ब्रिटनने तर भंगाराचे पैसे रोख द्यायलाच बंदी केली, २०१३ च्या कायद्याने. पुढे ऱ्होडियमचा भावही कोसळला आणि चोऱ्या उतरल्या. भावामुळे किती आणि कायद्यामुळे किती, यावर वाद घालता येईल. पण भाव आपल्या हातात नाही, काटा आहे.

आता परत आपल्याकडे. २०२१ च्या सुमारास गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रातही ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या. आतल्या भुकटीला ते लोक 'माती' म्हणायचे. म्हणजे माझ्या बातमीतली चोरी भुरटी नव्हतीच. त्या साखळीचं एक टोक आमच्या आळीत येऊन गेलं असणार आणि मी ते आतल्या पानावर गाडून टाकलं.

तेव्हा गावकऱ्यांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

व्हॅन, रिक्षा-टेम्पो आणि टुरिस्ट गाडीवाल्यांनो, पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याकडून डब्यावर गाडीचा नंबर कोरून घ्या. रात्री गाडी भिंतीला लागून, उजेडात लावा. शक्य तर दोन गाड्या अगदी चिकटून. आणि डबा गेला तर स्वस्तातला पोकळ सायलेन्सर लावून गप्प बसू नका. तो धूर आपलीच पोरं घेतात. एफआयआर करा.

भंगारवाले बंधूंनो, तुमच्यातले बहुतेक जण घाम गाळून खाणारे आहेत, मला माहीत आहे. सुटा कन्व्हर्टर आला तर आरसीची आणि आधारची झेरॉक्स घ्या, नाव वहीत लिहा, पैसे बँकेतून द्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पोलिसांना विनंती एवढीच की प्रत्येक सायलेन्सर चोरीची वेगळी फाइल करण्याऐवजी तालुक्यातल्या सगळ्या चोऱ्या एकत्र मांडा आणि माल कुठल्या काट्यावर गेला ते बघा.

आणि मला स्वतःला सांगायचंय ते हे. काकांच्या चोरीच्या दिवशी मी विचारलं होतं, "कोणी नेला?" विचारायला हवं होतं, "घेतला कोणी?" काकांनी उसने पैसे काढून नवा सायलेन्सर बसवला. त्या उसनवारीचा शेवटचा हप्ता त्यांनी गेल्या आठवड्यात फेडला. चोर अजून सापडलेला नाही. गिऱ्हाइकाचा तर शोधच कोणी घेतला नाही. उद्या ठाण्यात जाऊन तेच विचारणार आहे. तुमच्याही गाडीचा डबा गेला असेल तर तारीख आणि जागा मला कळवा, यादी सोबत नेतो.