आपल्या नागपूरचे सी. के.

१९१६ सालची गोष्ट. मुंबईत चौरंगी सामने चालू होते आणि हिंदूंच्या संघाची युरोपियनांच्या संघापुढे दाणादाण उडाली होती. ७९ धावांत सात गडी तंबूत परतलेले. अशा वेळी नवव्या क्रमांकावर एक उंच, ताठ बांध्याचा, विशीतला तरुण खेळायला आला. मुंबईच्या मोठ्या सामन्यात तो प्रथमच उतरत होता. पहिले तीन चेंडू त्याने शांतपणे थोपवले. चौथा चेंडू मात्र उचलला तो थेट सीमेपार! षटकार. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधली त्याची ती पहिली धाव, आणि ती एकदम सहांची.

हा तरुण नागपूरचा. कोट्टारी कनकैया नायडू हे त्याचे पूर्ण नाव. पण सगळ्या हिंदुस्थानाने त्याला ओळखले ते ‘सी. के.’ या दोन अक्षरांनी. वाचकहो, या दोन अक्षरांविषयी आज थोडे बोलायचे आहे. सी. के. थोर होते, हे आपण सगळेच म्हणतो. पण का थोर होते, असे एखाद्या शाळकरी मुलाने विचारले आणि हातात नोंदवही ठेवली, तर आपण जरा अडखळतो. सात कसोटी सामने, ३५० धावा, सरासरी २५, एकही शतक नाही, कप्तान म्हणून चार सामने आणि त्यांत एकही विजय नाही. मुलगा म्हणेल, एवढंच होय? त्या मुलाला उत्तर द्यायला हवे, आणि ते नागपूरकराने तर द्यायलाच हवे.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपुरातला. घराणे मूळचे तेलुगु, पण नागपुरात रुजलेले. आजोबा इथले वकील, वडील केंब्रिजला कायदा शिकून आलेले. आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रांताच्या राजधानीचे शहर. मराठी, हिंदी, तेलुगु, बंगाली अशा सगळ्या बोली एकाच रस्त्यावर ऐकू येणारे. सातव्या वर्षी मुलाला शाळेच्या संघात घेतले, असे सांगतात. पुढे हिस्लॉपच्या शाळेकडून आणि मोदी क्लबकडून खेळत तो वाढला. नागपूरच्या उन्हात, खडबडीत जमिनीवर ज्याने चेंडू वर उचलायला शिकले, त्याला मुंबईची हिरवळ म्हणजे गालिचाच वाटला असेल. हा आपला माझा तर्क, बरं का.

आता चौरंगी सामन्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकतो. हे सामने धर्मावार होते. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान असे चार संघ. पुढे पाचवा संघ आला आणि ते पंचरंगी झाले. खेळ उत्तम होई, गर्दी अफाट होई, पण वाटणी ती वाटणीच. गांधीजींनी १९४० साली त्यांविरुद्ध स्पष्ट मत दिले आणि १९४६ साली ते कायमचे थांबले. सी. के. वाढले ते या व्यवस्थेत. दुसरी मोठी स्पर्धाच तेव्हा नव्हती. रणजी करंडकाचे सामने सुरू झाले ते १९३४ मध्ये, म्हणजे सी. के. चाळिशीला टेकल्यावर.

त्यांचे नाव घरोघर गेले ते १ डिसेंबर १९२६ या दिवशी. आर्थर गिलिगन यांच्या कप्तानीखाली इंग्लंडहून एम. सी. सी.चा संघ आला होता. सामना बॉम्बे जिमखान्यावर. हिंदी माणसाला त्या जिमखान्याचे सभासद होता येत नसे. मैदानावर खेळायला यायचे, खेळून झाले की जायचे. आदल्या दिवशी पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या होत्या आणि त्यांच्या गाय अर्ल नावाच्या धिप्पाड गड्याने आठ षटकार मारून १३० धावा कुटल्या होत्या. साहेबाने ताकद दाखवली; आता आपले लोक कसे काय तग धरतात, एवढाच प्रश्न लोकांच्या मनात होता.

सी. के. खेळायला आले आणि प्रश्नच बदलला. ११६ मिनिटांत १५३ धावा, त्यांत अकरा षटकार. बॉब वायट हा काही ऐरागैरा नव्हे, पुढे इंग्लंडचा कप्तान झालेला खेळाडू. त्याचा एक चेंडू नायडूंनी जिमखान्याच्या छपरावर नेऊन टाकला. ज्या इमारतीत आपल्याला सभासद म्हणून शिरता येत नाही, तिच्या छपरावर आपल्या माणसाचा चेंडू! बघणाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करा. एम. सी. सी.ने या खेळीबद्दल नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. तोही मोठेपणा नोंदवून ठेवला पाहिजे. या दौऱ्यानंतर हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळावा अशी खटपट खुद्द गिलिगन यांच्या प्रोत्साहनाने सुरू झाली, आणि १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ उभे राहिले. एका माणसाच्या फटक्यांनी मंडळ स्थापन झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या दिवशी ते फटके बसले नसते, तर ही खटपट अशी रेटून पुढे गेली असती असे मला वाटत नाही.

तोवर नायडूंनी नागपूर सोडले होते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९२३ साली त्यांना बोलावून घेतले, फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. नागपुरात याची थोडी खंत असते. पण त्या काळी खेळावर पोट भरण्याची दुसरी सोय नव्हती. राजाश्रय किंवा घरची शेतीवाडी, एवढेच दोन मार्ग. आपल्या शहराकडे राजा नव्हता, इंदुराकडे होता. असो.

१९३२ चा इंग्लंड दौरा मात्र जरा सावकाश सांगायला हवा. संघाचे कप्तान होते पोरबंदरचे महाराज आणि उपकप्तान लिंबडीचे राजकुमार. कप्तान राजघराण्यातलाच हवा, हा तेव्हाचा अलिखित कायदा. पण पोरबंदरकरांना आपली बॅट किती पाण्यात आहे ते ठाऊक होते आणि ते कबूल करण्याचा दिलदारपणा त्यांच्याजवळ होता. ते बाजूला झाले, लिंबडीकर दुखापतीमुळे बसले, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सच्या मैदानावर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेले ते नागपूरच्या वकिलाचे नातू. काही खेळाडूंना हेही रुचले नव्हते. राजाच्या हाताखाली खेळू, पण आपल्यातल्याच एकाच्या हाताखाली? ही खोड आपली जुनीच आहे.

सामन्याची सुरुवात अशी झाली की लंडनकर चकित झाले. वीसेक मिनिटांत इंग्लंडचे तीन गडी १९ धावांत गारद! महंमद निसार यांचा तुफानी मारा, आणि क्षेत्ररक्षणही चोख. इंग्लंडचा डाव २५९ धावांत संपला आणि निसारांनी पाच गडी टिपले. झेल घेण्याच्या प्रयत्नात नायडूंचा हात दुखावला होता. त्याच हाताने ते खेळले आणि पहिल्या डावात संघातल्या सर्वांत जास्त, म्हणजे ४० धावा केल्या. सामना १५८ धावांनी हरलो. पण दौऱ्यात पहिल्या दर्जाच्या सामन्यांत नायडूंच्या १६१८ धावा झाल्या, ६५ बळी झाले, आणि सगळे सामने धरून बत्तीस षटकार. बर्मिंगहॅमजवळ एजबॅस्टनला त्यांनी मारलेला एक चेंडू मैदानाबाहेरची री नदी ओलांडून गेला. ती नदी म्हणजे दोन परगण्यांची हद्द, तेव्हा चेंडू वॉरिकशायरमधून वूस्टरशायरात गेला, अशी कहाणी लोक अजून सांगतात. ‘विझ्डेन’ या इंग्रजी क्रिकेट-वार्षिकाने १९३३ साली वर्षातल्या पाच खेळाडूंत त्यांची निवड केली. हिंदुस्थानच्या संघातून खेळणाऱ्या कोणालाही तोवर हा मान मिळालेला नव्हता.

१९३३ च्या डिसेंबरात आपल्या भूमीवरची पहिली कसोटी झाली, ती त्याच बॉम्बे जिमखान्यावर. कप्तान नायडूच. लाला अमरनाथ यांच्या ११८ धावांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण समोरच्या टोकाला ६७ धावा काढत, तरुण अमरनाथांना सांभाळत, १८६ धावांची भागीदारी करणारा माणूस अडतीस वर्षांचा होता.

वयाचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ. लांबट चेंडू पोटाशी धरायचा आणि अंगावर येणाऱ्या धटिंगणांना चुकवत, ढकलत पळत सुटायचे. आपल्या हुतूतूतल्या चढाईच्या गड्यासारखे काम. त्या खेळात जिम ब्राउन नावाचा अजोड गडी होऊन गेला. नऊ हंगामांत १२,३१२ यार्ड पळून १९६६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ऐन भरात त्याने खेळ सोडला. शिखरावरून उतरावे तर असे, असे लोक म्हणतात. आमच्या सी. के. ना ती निवडच नव्हती. त्यांना पहिली कसोटी मिळाली तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. तिशीत त्यांनी खेळ सोडला असता तर देशाच्या नोंदवहीत त्यांच्या नावावर एकही कसोटी धाव राहिली नसती. म्हणून ते ३५० चा आकडा घेऊन आलेल्या मुलाला आधी जन्मसाल दाखवावे. आणि मग दुसरा आकडाही दाखवावा: पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये ११,८२५ धावा आणि ४११ बळी.

१९३६ च्या दौऱ्यावर कप्तानी विजयानगरच्या महाराजकुमारांकडे गेली. पोरबंदरकरांचा शहाणपणा त्यांच्याजवळ नव्हता. ते तिन्ही कसोट्या खेळले आणि सहा डावांत ३३ धावा केल्या. संघात गट पडले, अमरनाथांना अर्ध्यातून परत पाठवले गेले. त्या सगळ्या गढूळ वातावरणात ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू नायडूंच्या अंगावर आदळला. ते कळवळले, पण मैदान सोडले नाही. ८१ धावा केल्या. कसोटीतली त्यांची सर्वांत मोठी खेळी तीच, आणि शेवटचा सामनाही तोच.

इथे कोणी म्हणेल, संपली गोष्ट. पण माझ्या मते खरे नायडू इथून पुढेच. होळकर संघाचे कप्तान म्हणून नऊ वर्षांत आठ वेळा त्यांनी रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक नेला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे एकेक मोहरे त्यांच्या हाताखाली होते. नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड त्या संघात होते, आणि सी. केंचे धाकटे भाऊ सी. एस. हेही. १९४५ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात सी. एस. यांनी एकट्याने ९१७ चेंडू टाकले. कप्तानाने भावाला सूट दिली नाही, एवढे तरी यावरून खास कळते.

शिस्तीच्या बाबतीत सी. के. कठोर होते, काहींना ते तुसडे वाटत. वेळ म्हणजे वेळ, आणि चेंडू लागला तरी मैदानात चोळत बसायचे नाही. पण हा नियम त्यांनी स्वतःला आधी लावला. १९५१-५२ च्या हंगामात मुंबईविरुद्ध दत्तू फडकरांचा चेंडू त्यांच्या तोंडावर बसला. दोन दात पडले. छप्पन वर्षांच्या नायडूंनी ते बॅटने बाजूला सारले आणि पुढचा चेंडू खेळायला उभे राहिले. त्याआधी, पन्नाशीत, बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा काढल्या होत्या. १९५६ साली पद्मभूषण मिळाले. आणि त्याच सुमारास, साठी ओलांडल्यावर, उत्तर प्रदेशाकडून राजस्थानविरुद्ध ८४ धावा करताना त्यांनी विनू मांकडांसारख्या गोलंदाजाला दोन षटकार मारले. अखेरचा सामना, मदतनिधीचा, खेळले ते १९६३-६४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात ते वारले.

त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९७७ साली इंदूरच्या एका सामन्याचे धावते वर्णन केले. आपल्या देशातल्या त्या पहिल्या महिला समालोचक. नभोवाणीच्या पुस्तिकेत तरी हे सांगायलाच हवे.

आणि नागपूर? सी. के. गेल्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर आपल्या शहरातली पहिली कसोटी झाली. ती आपण न्यूझीलंडशी हरलो. विदर्भाचा संघ १९५७ पासून रणजी सामने खेळत होता आणि वर्षानुवर्षे लवकर घरी परतत होता. विदर्भाने करंडक प्रथम जिंकला तो १ जानेवारी २०१८ रोजी, दिल्लीला नऊ गडी राखून हरवून. कप्तान फैज फजल, जन्म नागपूरचा. अंतिम सामन्याचे मैदान होते इंदूरचे होळकर स्टेडियम.