चहावाल्यांचा कॉम्प्युटर

इतिहासात कारकुनाला जागा नसते. लढाई जिंकली की सेनापतीचा पुतळा उभा राहतो. त्या सैन्याच्या पगाराचा हिशेब रात्र जागून जुळवणाऱ्या कारकुनाचा पुतळा मी तरी अजून पाहिलेला नाही. पुतळा राहू द्या, एखाद्या बोळालासुद्धा त्याचं नाव नाही. म्हणूनच, बँकेच्या खिडकीमागे वीस वर्षं काढलेला एक बी.कॉम. या नात्याने मी यांत्रिक कारकुनाची कुळकथा सांगणार आहे. जातभाईच तो आमचा!

तुमची समजूत अशी असेल की, ऑफिसच्या कामाला कॉम्प्युटर पहिल्यांदा जुंपला तो एखाद्या बड्या अमेरिकन बँकेनं. साफ चूक! तो मान लंडनच्या चहावाल्यांचा. जे. लायन्स अँड कंपनीची चहाची दोनशेच्या वर दुकानं होती आणि जोडीला स्वतःची बेकरी. एका गिऱ्हाइकामागे नफा सुटायचा तो पेनीचा तुकडा, पण तो तुकडा नेमका सुटला की बुडाला हे शोधायला कारकुनांची फौज. चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला!

या फौजेचा सेनापती होता जॉन सिमन्स. केंब्रिजचा गणिती, १९२३ मध्ये लायन्सकडे चिकटला. त्याला एक वाईट खोड होती. ऑफिसातला प्रत्येक कागद उचलून तो विचारायचा, ‘हा मुळात लिहायचाच कशाला?’ आमच्याकडे असा प्रश्न विचारणाऱ्याची बदली होते. लायन्सनं त्याच्यासाठी कामाच्या पद्धती तपासणारं एक खातंच उघडलं. कागद कुठून निघतो, कुठे जातो, वाटेत कोण विनाकारण सही करतो, हे सगळं तपासण्यात त्यांनी वर्षानुवर्षं घालवली. हल्ली याला भारदस्त नाव आहे आणि त्याची भारदस्त फी घेणारे सल्लागारही आहेत.

१९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी ऑफिसातल्या नव्या सुधारणा पाहायला अमेरिकेला गेले. तिथं प्रिन्स्टनच्या गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितलं, ‘अहो, असं यंत्र तर तुमच्या केंब्रिजमध्येच बनतंय!’ काखेत कळसा आणि गावाला वळसा. लायन्सनं केंब्रिजला तीन हजार पौंड दिले आणि तिथलं यंत्र १९४९ मध्ये चालू लागल्यावर त्याच्याच धर्तीवर आपलं बांधलं. नाव ठेवलं ‘लिओ’. सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, आणि स्मरणशक्तीसाठी पाऱ्याच्या नळ्या! (आमच्या ऑफिसात पारा फक्त साहेबांचा चढतो, आणि त्याचा स्मरणशक्तीशी काडीचा संबंध नसतो.) १९५१ च्या नोव्हेंबरात लिओनं बेकरीतल्या पाव-केकचा हिशेब केला. पुढे पगारपत्रकही त्याच्याकडे आलं. एका माणसाचा पगार काढायला कारकुनाला आठ मिनिटं लागत. लिओला दीड सेकंद.

पण मला खरी आवडते ती १९५४ ची गोष्ट. उद्या दुकानाला किती पाव, किती केक लागणार, ही मागणी रोज नव्यानं लिहायची पद्धत लायन्सनं बंद केली. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्राजवळ ठेवून दिली. दुकानाच्या व्यवस्थापक बाईंनी रोज ठरल्या वेळी टेलिफोनवर सांगायचं ते फक्त ‘नेहमीपेक्षा वेगळं काय’ एवढंच. पलीकडे कानाला हेडफोन लावून एक मुलगी बसलेली. ती ऐकता ऐकता कार्डावर भोकं पाडायची आणि उरलेलं सगळं लिओ करायचा. नेहमीचं यंत्राला, वेगळं माणसाला! इतकी शहाणी कामाची वाटणी मी दुसरीकडे पाहिली नाही.

(लायन्स कंपनी १९७८ मध्ये एका बिअरवाल्या कंपनीनं विकत घेतली. चहाचा शेवट असाही होतो.)

यात बँका मागे नव्हत्या. पन्नाशीच्या दशकात बँक ऑफ अमेरिकेसाठी चेक हाताळणारं ‘एर्मा’ नावाचं यंत्र तयार झालं. त्यावर खपलेल्यांपैकी एक जोसेफ वायझेनबाउम. यानंच पुढे एम.आय.टी.त ‘एलायझा’ नावाचा, टाइप केलेल्या वाक्याला वाक्यानं उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९६६ मध्ये जगापुढे मांडला. आजच्या बोलक्या यांत्रिक मदतनिसांची ही पणजी. तिला कळत काहीच नव्हतं; समोरच्याचंच वाक्य उलटवून ती प्रश्न विचारायची. तरी वायझेनबाउमची सेक्रेटरी तिच्याशी बोलताना त्याला म्हणाली, ‘तुम्ही जरा बाहेर जाता का?’ बिचारा हादरला. यंत्राला जमत असलं तरी काही कामं त्याच्याकडे देऊ नयेत, असं सांगणारं पुस्तकच त्यानं १९७६ मध्ये लिहिलं.

आपल्याकडे १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात मोजकी यंत्रं आणण्याचा करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीनं पुढचा रस्ता आखला. त्याआधी यंत्राविरुद्ध घसा फोडून घोषणा दिलेल्या ज्येष्ठांच्या हाताखाली मी शिकलो. फरकाला नऊनं भाग गेला तर कुणीतरी ५४ चे ४५ केलेत, हे त्यांनी मला शिकवलं. त्यांची धास्ती खुळी नव्हती. आमच्या शाखेत कुणाला काढलं नाही. निवृत्त झालेल्यांच्या खुर्च्या तेवढ्या भरल्या नाहीत.

आता मोबाइलवर यांत्रिक मदतनीस अष्टौप्रहर हजर असतो. शिल्लक विचारा, चेकबुक मागा. तो आमच्यासारखा जेवायला उठत नाही. पण भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेल्या आजी येतात. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. मदतनीस नम्रपणे म्हणतो, ‘खालीलपैकी एक पर्याय निवडा.’ आजी खालीलपैकी कशातच नसतात. त्या ‘नेहमीपेक्षा वेगळं’ असतात. मग त्या खिडकीशी येतात आणि मला विचारतात, ‘बाळा, मी जिवंत आहे ना रे?’

नेहमीचं काम यंत्राला द्या, खुशाल द्या. बेरजांवर माझं प्रेम नाही. फक्त टेलिफोनच्या पलीकडे हेडफोन लावून बसलेली ती मुलगी तेवढी काढू नका.